अळंबीसारखे दिसते ते सारे अळंबी नव्हे

आषाढ सरून श्रावण लागला, की कोकणातल्या घरांत एका रानमेव्याची वाट पाहिली जाते. वारुळाच्या अंगाने, कुजलेल्या पाचोळ्यातून एका रात्रीत वर येणारी पांढरीशुभ्र अळंबी कोकणात आणि गोव्यात 'अळमी' म्हणून ओळखली जाते, तर विदर्भाच्या रानपट्ट्यात तिला 'सात्या' म्हणतात. खोबऱ्याच्या वाटणात शिजलेली ही भाजी ज्याने लहानपणी खाल्ली, त्याच्या जिभेवरून ती चव सत्तरीतही जात नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती ओळखणारी एक आजी किंवा एक काका असे, आणि त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई.

अशाच एका जाणत्या कुटुंबाची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे. त्यांच्या अनुमतीनेच ती लिहीत आहे, मात्र नावे देत नाही. या हकीकतीत एक चूक त्यांची आहे आणि एक माझी. त्यांच्या चुकीला निदान साठ वर्षांच्या सवयीचा आधार होता. माझ्या चुकीला तसा कोणताही आधार नव्हता.

घरचेच जेवलो होतो

सिंधुदुर्गातील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी गेली वीस वर्षे माझ्याकडे तपासणीस येतात. आम्ही सारे त्यांना मास्तर आणि काकू म्हणतो. काकूंना मधुमेह आणि रक्तदाब, मास्तरांना जुने आम्लपित्त. त्यांची लेक अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते. एका वर्षी ऑक्टोबरमध्ये दोघे तिच्याकडे गेले. जाताना सहा महिन्यांची औषधे मी स्वतः लिहून दिली आणि थंडीबद्दल चार सूचना केल्या. आणखी एक सूचना करावयास हवी होती, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

नोव्हेंबरात तिकडे पावसाच्या पहिल्या सरी पडल्या. रविवारी दुपारी घराजवळच्या उद्यानात फिरताना एका मोठ्या ओक वृक्षाखाली मास्तरांना अळंबी दिसली. टपोरी, गुळगुळीत, फिकट हिरवट-पिवळसर छत्री, खाली पांढरे पापुद्रे. खिशातल्या चाकूने त्यांनी ती गावाकडच्या पद्धतीने मातीलगत कापली. काकूंना म्हणाले, "हय पण अळमी गावली!" रात्री आठच्या सुमारास काकूंनी भाजी केली. मुलांनी नाक मुरडले, लेक-जावयांनी आधीच जेवून घेतले होते. मास्तरांनी पित्ताच्या भीतीने दोन घास खाल्ले. काकूंनी मात्र वाटीभर भाजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला काकूंना उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. दोन तासांनी लेकीने मला दूरध्वनी केला, तेव्हा आपल्याकडे सोमवारची रात्र झाली होती, साडेनऊ वाजले होते. ताप आहे का, शौचातून रक्त पडते का, साखर किती आहे, हे सारे मी विचारले. आणि शेवटी नेहमीचा प्रश्न केला, "बाहेरचे काही खाल्ले का?"

काकूंनी क्षीण आवाजात उत्तर दिले, "नाही हो डॉक्टर, घरचंच जेवलो."

उत्तर अगदी खरे होते. अपुरा होता तो माझा प्रश्न. मी जलसंजीवनी घोट घोट घेण्यास सांगितले, उलटी थांबविणारी गोळी सांगितली आणि पोटात काही टिकले नाही तर रुग्णालयात न्या, असे बजावून झोपी गेलो.

मंगळवारी निरोप आला, की जुलाब थांबले, काकूंनी पेज घेतली, बरे वाटत आहे. मला समाधान वाटले. बुधवारी सकाळी दवाखाना उघडताना मास्तरांनी पाठविलेले एक छायाचित्र भ्रमणध्वनीवर दिसले. हातात अळंबी, चेहऱ्यावर हसू, आणि खाली ओळ: 'परवा तुम्हाला दाखवायचे राहून गेले.'

छायाचित्रावरून ती कोणती बुरशी आहे, हे मला ओळखता आले नाही आणि आजही येणार नाही. परंतु मी बोटांवर तास मोजले. रात्री आठला जेवण, पहाटे सहाला पहिली उलटी. दहा तास. हा आकडा वैद्यकीय महाविद्यालयात असताना एकदा पाठ केला होता, परीक्षेत लिहिला होता, आणि त्यानंतर तीस वर्षे त्याची गरज पडली नव्हती. मी तत्काळ लेकीला दूरध्वनी केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते. ती म्हणाली, "आई आत्ताच झोपली आहे, आज खूप बरी आहे. उद्या सकाळी नेऊ का?"

मी म्हटले, "बरी आहे म्हणूनच आत्ता न्या. मास्तरांनाही न्या. आणि उरलेली अळंबी सोबत घ्या."

ती अळंबी कोणती होती?

काकूंच्या शीतकपाटात कागदी पिशवीत दोन अळंब्या शिल्लक होत्या. रुग्णालयाने जाणकारांकडून त्या तपासून घेतल्या. तिचे शास्त्रीय नाव अमॅनिटा फॅलॉइडिस. इंग्रजीत तिला 'डेथ कॅप' म्हणतात, म्हणजे मृत्यूची टोपी. जगभरात रानटी अळंबी खाऊन जे मृत्यू होतात, त्यांपैकी सर्वाधिक मृत्यूंना ही एकटी जात कारणीभूत मानली जाते.

ही मूळची युरोपातील. ओक, बीच, चेस्टनट अशा वृक्षांच्या मुळांशी तिचे सहजीवन असते. युरोपातून रोपे जिकडे गेली, तिकडे त्यांच्या मुळांसोबत ही बुरशीही गेली. कॅलिफोर्नियात तिची पहिली नोंद १९३८ मध्ये मॉन्टेरे येथील एका हॉटेलच्या बागेतली आहे. पुढे तिने तेथील स्थानिक ओक वृक्षांशीही सोयरीक जुळविली. आज ती सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, कॅनडाच्या व्हँकुव्हरमधील रस्त्याकडेच्या झाडांखाली, ऑस्ट्रेलियात मेलबर्न आणि कॅनबेरा येथे ओकच्या सावलीत उगवते. युरोपात साधारण ऑगस्ट ते नोव्हेंबर, कॅलिफोर्नियात शरदातील पावसापासून पुढे, आणि ऑस्ट्रेलियात मार्च ते जून हा तिचा मुख्य हंगाम. ती घनदाट अरण्यातच असते असे नाही. उद्यान, शाळेचे आवार, घरामागची हिरवळ, जेथे तसे झाड तेथे ती उगवू शकते.

आपली मुले नेमकी याच शहरांत राहतात, आणि आपण नेमके त्याच महिन्यांत त्यांच्याकडे जातो. म्हणून हा विषय दूरदेशीचा असला तरी आपल्या घरचाच आहे.

फसगत का होते?

मास्तर अडाणी नव्हते. साठ वर्षे त्यांनी अळंबी ओळखली, खाल्ली, इतरांना खाऊ घातली, आणि कधी कुणाला बाधा झाली नाही. त्यांचे ज्ञान खरेच होते, पण ते सिंधुदुर्गाच्या मातीपुरते होते. तेथील वारुळे, तेथील झाडे, तेथील पाऊस या साऱ्यांसह ते खरे होते. सात समुद्रांपलीकडे तेच ज्ञान नेले, तेव्हा त्यातला अळंबीचा आकार तेवढा सोबत आला, बाकीच्या खुणा मागे राहिल्या.

आशियातून पाश्चात्त्य देशांत गेलेल्या लोकांची अशी फसगत वारंवार झाली आहे. भारतापासून चीनपर्यंत भाताच्या पेंढ्यावर उगवणारी एक उत्तम खाद्य अळंबी आहे. तिच्या बुंध्याशी पिशवी असते आणि कोवळेपणी ती अंड्यासारखी दिसते. डेथ कॅपचेही तसेच. २०११ च्या अखेरच्या रात्री कॅनबेरात पेंढ्यावरची अळंबी समजून डेथ कॅप शिजविण्यात आली आणि ती खाणाऱ्यांपैकी दोघांचा मृत्यू झाला. डिसेंबर २०१६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियात डेथ कॅपच्या विषबाधेचे १४ रुग्ण आढळले. त्यांपैकी तिघांवर यकृत प्रत्यारोपण करावे लागले. त्या वर्षी पाऊस लवकर आणि भरपूर झाला होता.

ओळखण्याच्या खुणा

पुढील खुणा मी अळंबी खाता यावी म्हणून देत नाही, टाकून देता यावी म्हणून देत आहे. यांतली एखादी खूण जुळली नाही, म्हणजे ती अळंबी निर्धोक ठरली, असा अर्थ कृपया कुणी काढू नये.

छत्री: साधारण ५ ते १५ सेंटिमीटर रुंद. रंग बहुधा फिकट हिरवट-पिवळा, ऑलिव्हसारखा. कधी तपकिरी, कधी जवळजवळ पांढरा. पृष्ठभाग गुळगुळीत, ओला असता किंचित चिकट.

पापुद्रे: छत्री उलटी केली की दिसणारे दाट पापुद्रे पांढरे असतात आणि अळंबी जून झाली तरी बहुधा पांढरेच राहतात. पेंढ्यावरच्या अळंबीचे पापुद्रे वाढीबरोबर गुलाबी होत जातात.

झालर: दांड्याच्या वरच्या भागाला पातळ, पांढरी, खाली लोंबणारी झालर असते. पेंढ्यावरच्या अळंबीला ती नसते. मात्र पावसाने किंवा हाताळण्याने ही झालर गळूनही पडते.

पिशवी: ही सर्वांत महत्त्वाची खूण. दांड्याचे बूड एका पांढऱ्या, पातळ पिशवीत बसलेले असते, आणि ही पिशवी मातीत दडलेली असते. जो माणूस अळंबी वरून कापतो किंवा मुरगळून तोडतो, त्याची सर्वांत मोठी साक्ष जमिनीतच राहते. मास्तरांनी कापलेल्या अळंबीवर पिशवी नव्हतीच. लेकीने दुसऱ्या दिवशी त्या ओकखाली चमच्याने माती उकरली, तेव्हा कापलेल्या प्रत्येक दांड्याखाली एकेक पिशवी निघाली.

बीजाणूंचा रंग: छत्री रात्रभर कागदावर पालथी ठेवली, तर बीजाणूंचा ठसा उमटतो. डेथ कॅपचा ठसा पांढरा, पेंढ्यावरच्या अळंबीचा गुलाबीसर. परंतु हे काम अभ्यासकाचे आहे. घरी ठसा काढून भाजीचा निर्णय करू नये.

भ्रमणध्वनीवर छायाचित्र पाहून नाव सांगणारी ॲप्स हल्ली आहेत. फुलझाडांसाठी ती खुशाल वापरावीत. जिथे चुकीची किंमत यकृताने मोजायची असते, तिथे त्यांच्यावर विसंबू नये. आणि डॉक्टरांवरही विसंबू नये. १७६७ मध्ये पॅरिसमध्ये योहान शोबर्ट नावाचा संगीतरचनाकार आपल्या कुटुंबीयांसह विषारी अळंबी खाऊन मरण पावला. स्वयंपाक्यांनी ती विषारी आहे म्हणून शिजविण्यास नकार दिला होता, पण एका परिचित डॉक्टरने ती खाण्यायोग्य असल्याचा निर्वाळा दिला, असे सांगतात. आम्हा डॉक्टरांना रोगी तपासता येतो, अळंबी नाही.

कसोट्या, ज्या कसोट्या नाहीत

आपल्याकडे काही समजुती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांपैकी एकही खात्रीची नाही.

चांदीचे नाणे किंवा चमचा भाजीत टाकला आणि काळा पडला नाही, म्हणजे अळंबी चांगली, असे म्हणतात. डेथ कॅपच्या विषाने चांदी काळी पडत नाही. लसूण किंवा तांदूळ सोबत शिजवून रंग पाहण्याची रीतही तितकीच पोकळ आहे.

किडे आणि गोगलगायी खातात, म्हणजे माणसालाही चालेल, असा तर्क केला जातो. गोगलगायी डेथ कॅप खातात आणि खुशाल राहतात. त्यांचे शरीर निराळे, आपले निराळे.

उकळून पाणी टाकून दिले, चिंच-मीठ लावले, उन्हात वाळविले की विष जाते, हा समज सर्वांत घातक. हे विष उकळण्याने, तळण्याने, वाळविण्याने किंवा गोठविण्याने नष्ट होत नाही.

विषारी वस्तू कडू लागते, असेही आपण मानतो. काकूंना मी नंतर विचारले. त्या म्हणाल्या, "भाजी चांगली झाली होती, डॉक्टर. म्हणून तर वाटीभर खाल्ली." जगभरातील वाचलेल्या रुग्णांनी हेच सांगितले आहे.

शरीरात काय घडते?

या अळंबीतील मुख्य विषाला अमॅनिटिन म्हणतात. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिने तयार करण्याचे काम अखंड चालू असते. त्यासाठी लागणारी आज्ञापत्रे पेशीच्या केंद्रात नकलून घेतली जातात. अमॅनिटिन ही नक्कल करणारी यंत्रणाच बंद पाडते. नवी प्रथिने मिळेनाशी झाली की पेशी मरते. यकृत हे विष रक्तातून ओढून घेते, पित्तावाटे आतड्यात सोडते, आतडे ते पुन्हा शोषते आणि ते पुन्हा यकृतात येते. अशा फेऱ्यांत यकृताचा नाश होत जातो. सुमारे अर्धी अळंबीसुद्धा प्रौढ माणसाचा प्राण घेण्यास पुरेशी ठरू शकते.

रोगाच्या चार अवस्था असतात, आणि त्या प्रत्येक घराने ध्यानी ठेवाव्यात.

पहिली अवस्था शांततेची. खाल्ल्यानंतर साधारण ६ ते १२ तास, कधी २४ तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. माणूस झोपतो, उठतो, चहा घेतो.

दुसरी अवस्था उलट्या-जुलाबांची. पोटात कळा, पटकीसारखे पाण्याचे जुलाब. एक दिवस, क्वचित अधिक.

तिसरी अवस्था फसव्या आरामाची. जुलाब थांबतात, भूक लागते, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. याच वेळी यकृत आतून मोडत असते आणि केवळ रक्ततपासणीतच ते कळते. काकूंनी पेज घेतली, तो हाच दिवस. माझे समाधानही याच अवस्थेचे बळी ठरले होते.

चौथी अवस्था यकृत निकामी होण्याची. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, भ्रम, गुंगी, मूत्रपिंडांचे काम मंदावणे.

या विषावर खात्रीचा उतारा आजही नाही. भरपूर सलाइन, आतड्यातील विष शोषण्यासाठी औषधी कोळसा, काही ठिकाणी सिलिबिनिन नावाचे औषध, एन-ॲसिटिलसिस्टीन, आणि सारे उपाय थकले तर यकृत प्रत्यारोपण, असा उपचार असतो. रुग्ण लवकर पोहोचला, तर वाचण्याची शक्यता चांगली असते.

काकू त्या रात्री पोहोचल्या, तेव्हा त्यांच्या यकृताची एन्झाइम्स काही हजारांवर गेली होती. मास्तरांचीही थोडी वाढली होती. दोन दिवस प्रत्यारोपणाची भाषा चालली. लेक मला रोज आकडे कळवीत असे, आणि दवाखान्यात समोर रुग्ण बसलेला असतानाही माझे लक्ष त्या आकड्यांकडे लागलेले असे. चौथ्या दिवशी ते उतरू लागले. अकराव्या दिवशी काकू घरी आल्या.

आपल्या मातीतले धोके

आपल्याकडे भीती नाही, असे मात्र समजू नये. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन १३ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बहुतेक चहामळ्यांतील कष्टकरी कुटुंबांतले होते. हिमालयात आणि ईशान्येच्या अरण्यांत अमॅनिटा कुळातील विषारी जाती उगवतात.

पावसाळ्यात हिरवळीवर, खतावलेल्या जमिनीवर, बंगल्याच्या बागेत एक मोठी पांढरी छत्री उगवते. वर तपकिरी खवले, दांड्याला कडे. तिचे शास्त्रीय नाव क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस. पापुद्रे प्रथम पांढरे असतात आणि जून झाल्यावर हिरवट होतात. कोवळेपणी ती खाद्य अळंबीसारखीच दिसते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत तीव्र उलट्या आणि जुलाब होतात. जीव सहसा जात नाही, परंतु मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या वृद्धाला तेवढा पाण्याचा ऱ्हासही धोकादायक असतो.

यातून एक ढोबळ नियम निघतो. त्रास लवकर सुरू झाला, तर विष बहुधा पोटापुरते असते. सहा तासांनंतर सुरू झाला, तर यकृताची शंका घ्यावी. मात्र भाजीत दोन जाती मिसळलेल्या असू शकतात. म्हणून लवकर उलटी झाली, या एवढ्या आधारावर निश्चिंत होऊ नये.

रानटी अळंबी खाल्ल्याची शंका आली तर

१. लक्षणांची वाट पाहू नये. रुग्णालय गाठावे. जेवणात सहभागी झालेल्या सर्वांना न्यावे, दोन घास खाणाऱ्यालाही.

२. खाल्ल्याची वेळ आणि पहिल्या त्रासाची वेळ कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडणारी माहिती हीच.

३. उरलेली अळंबी, शिजलेली भाजी, नाहीतर केरातले तुकडे कागदी पिशवीत घालून सोबत न्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते लवकर कुजतात.

४. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये. जुलाब थांबविणारी गोळी घेऊ नये. अंग दुखते म्हणून पॅरासिटामॉल घेऊ नये, कारण यकृतावर आधीच भार असतो.

५. रक्तदाब, लघवी वाढविणे, मधुमेह, रक्त पातळ ठेवणे यांच्या गोळ्या चालू असतील तर यादी सोबत न्यावी. शरीरातील पाणी कमी झाले असता यांतील काही गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात. त्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या, हे रुग्णालयातील डॉक्टरांनीच ठरवावे.

६. बरे वाटले तरी यकृताची तपासणी झाल्याविना घरी परतू नये. एक तपासणी पुरत नाही, ती पुन्हा पुन्हा करावी लागते.

विषबाधेबाबत सल्ला देणारी केंद्रे अहोरात्र चालू असतात. भारतात दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय केंद्र: १८००-११६-११७. अमेरिकेत १-८००-२२२-१२२२. ऑस्ट्रेलियात १३ ११ २६. ब्रिटनमध्ये १११. आई-वडिलांचे तिकीट काढताना विम्याचे कागद करतो, तसे हे क्रमांकही त्यांच्या भ्रमणध्वनीत घालून ठेवावेत.

सांभाळणाऱ्यांसाठी दोन शब्द

मुलांनो आणि सुनांनो, घरातील ज्येष्ठांना ही गोष्ट सांगताना 'तुम्हाला काही कळत नाही' असा सूर लागू देऊ नका. त्यांना पुष्कळ कळते. परक्या गावात दिवसभर घरी बसलेल्या माणसाला ओळखीचे काहीतरी सापडले, याचा आनंद त्या अळंबीत असतो. तो आनंद मोडण्याची गरज नाही. सोबत फिरायला जा, छायाचित्र काढा, गावाकडची आठवण विचारा, आणि येताना दुकानातून लागवडीची बटण किंवा ढिंगरी अळंबी आणून भाजी त्यांच्याच हातची करून घ्या. नातवंडे हिरवळीवर खेळत असतील, तर आधी तेथे नजर फिरवा. डेथ कॅपला नुसता स्पर्श झाल्याने विषबाधा होत नाही, पण लहान मूल दिसेल ते तोंडात घालते. स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. काढलेली अळंबी केरात टाकून हात स्वच्छ धुवावेत.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्याला माझी एकच विनंती आहे. ज्या मातीत आपण वाढलो नाही, त्या मातीतली अळंबी खाऊ नये. आपल्या मातीतही, ओळखणारे माणूस सोबत नसेल तर खाऊ नये. शंका आली तर टाकून द्यावी. एका भाजीने काही अडत नाही.

आता मी काय विचारतो

जानेवारीत मास्तर आणि काकू परतले. दवाखान्यात आल्यावर मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "डॉक्टर, तिला मीच वाढली होती भाजी." मी त्यांना सांगितले, की सोमवारी रात्री मी नीट विचारले असते, तर उपचार दोन दिवस आधी सुरू झाले असते. त्यावर काकू म्हणाल्या, "तुम्ही दोघं आता पुरे करा," आणि रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे केला.

तेव्हापासून उलट्या-जुलाबांचा कोणताही रुग्ण आला, की 'बाहेरचे काही खाल्ले का' एवढ्यावर मी थांबत नाही. गेल्या दोन दिवसांत काय काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, आणि त्यातले काही रानातून, बागेतून किंवा रस्त्याकडेने आणलेले होते का, असे तीन प्रश्न विचारतो. आपणही आपल्या डॉक्टरांना हे तीन तपशील न विचारता सांगावेत. डॉक्टर विसरू शकतात. मी विसरलो होतो.